सुरकुत्यांची वाट

पाय खाली

व्हर्लीन हाउगनचा उजवा गुडघा फुटला तेव्हा पहिलं भांडण झालं ते बुटावरून.

रोडिओचा, म्हणजे घोड्या-बैलांवरच्या थरारक खेळांच्या मेळ्याचा, सराव चालला होता. जुलैत रोडिओ सुरू होतो तेव्हा सगळ्यांत आधी झेंडे घेतलेल्या बायका घोड्यांवरून मैदानात दौडत येतात, आणि त्यांच्यात व्हर्लीन पुढे असते. ऐन तारुण्यात ती इथली रोडिओ राणी होती. आमच्या गावात हा मान एकदा डोक्यावर बसला की मेल्याशिवाय उतरत नाही. तिचा बिस्किट हा घोडा वयाने आणि स्वभावाने शहाणा आहे. पण त्या दिवशी वारा फिरला, झेंड्याचं कापड त्याच्या डोळ्यांवर आलं, तो आडवा सरकला आणि व्हर्लीनचा गुडघा फाटकाच्या लोखंडी खांबावर जाऊन आदळला. वरून घोड्याने आपलं सगळं वजन त्याच्यावर टाकलं.

ती पडली नाही. झेंडा जमिनीला लागू दिला नाही. घोडा चालवत गाडीपर्यंत आली, झेंडा दुसऱ्या बाईच्या हातात दिला आणि मग म्हणाली, की आता मला कोणीतरी उतरवून घ्या, कारण हा पाय माझं ऐकत नाहीये.

रुग्णवाहिकेतल्या मुलांनी बूट कापायला कात्री काढली. तो बूट राणीपदाच्या वर्षीचा, टाचेवर गुलाब कोरलेला. व्हर्लीनने कात्री धरलेला हात धरला. मुलं म्हणाली, पाय सुजतोय, बूट ओढून निघणार नाही. ती म्हणाली, शिवणीवरून काप, चामड्यावरून नको, शिवण परत घालता येते. शेवटी त्या मुलांनी धावत्या गाडीत, टाके उसवावेत तशी, एकेक शिवण उसवली. ती वरून सूचना देत होती.

मी त्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माझं नाव कोरा. तिला आत आणलं तेव्हा मी दारात होते. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, हे केस तू स्वतः कापलेस ना?"

मी हो म्हटलं.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि बेशुद्ध पडली.

पाय वर

आमच्याकडे हाडांचे डॉक्टर एकच, एल्डन पिकेट. मोंटानाच्या या कोपऱ्यात कोणाला घोडा लाथ मारो, बैल फेको की ट्रॅक्टर चिरडो, सगळे त्यांच्याच टेबलावर येतात. गुडघ्यांत त्यांचा हात कोणी धरणार नाही. त्यांच्याबद्दल गावात एकच गोष्ट दबक्या आवाजात बोलतात, ती म्हणजे त्यांचे केस. डाव्या कानावरून निघालेले केस अख्खा उजाड माळ ओलांडून उजव्या कानापाशी मुक्कामाला जातात. वारा आला की परत घरी येतात.

स्कॅनचं चित्र घेऊन ते व्हर्लीनच्या पलंगाशी बसले. म्हणाले, नडगीच्या हाडाचा माथा टेबलासारखा सपाट असतो, मांडीचं हाड त्यावर टेकतं. तुझ्या टेबलाची बाहेरची कड तुटलीय आणि मधला भाग खाली खचलाय.

व्हर्लीनने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "ओव्हनचं दार लवकर उघडलं की केक बसतो, तसा?"

"तसाच. मी खालून हात घालून तो वर उचलणार. खाली पोकळी राहील ती हाडाच्या चुऱ्याने भरणार. मग बाजूने धातूची पट्टी आणि स्क्रू."

"मग उचल की. कोणाची वाट बघतोस?"

"सुरकुत्यांची," डॉक्टर म्हणाले.

गुडघा तोवर कलिंगडाएवढा झाला होता आणि कातडी भोपळी मिरचीसारखी चकाकत होती. अशा कातडीवर सुरी चालवली तर जखम मिटत नाही, आत पू होतो, आणि मग गुडघा वाचवायचा राहतो बाजूला, पाय वाचवायची वेळ येते. सूज उतरली पाहिजे. ती उतरली हे कळायचं एकच लक्षण: चिमटीत धरल्यावर कातडीला बारीक सुरकुत्या पडतात. तोवर हाडं जागेवर राहावीत म्हणून त्यांनी मांडीत आणि नडगीत जाड सळ्या घुसवून बाहेरून त्यांना दांडे जोडले. व्हर्लीनने त्या सांगाड्याला पाहताक्षणी नाव दिलं: फाटक. फाटकानेच मोडलं आणि फाटकानेच धरलंय, म्हणाली.

सुरकुत्यांचं ऐकून मात्र तिने तोंड वाकडं केलं. गावातलं केस कापायचं-बसवायचं एकमेव दुकान तिचं. आधी तिच्या आईचं होतं. त्या दुकानातली अर्धी मांडणी सुरकुत्या घालवायच्या क्रीमने भरलेली आहे.

"एल्डन," ती म्हणाली, "जन्मभर मी या गोष्टीशी लढले."

"गुडघ्यापुरता तह कर," डॉक्टर म्हणाले.

मग ते गंभीर झाले. फार थांबताही येत नाही. तिसरा आठवडा सरत आला की तुकडे जिथे पडलेत तिथेच चिकटायला लागतात. त्यानंतर उचलायला गेलं तर नीट उचलत नाहीत. मग खचलेला गुडघा खचलेलाच राहतो. लंगडत चालता येईल. दिवसभर उभं राहता येणार नाही.

व्हर्लीनने विचारलं, डाव्या पायावर भागवलं तर?

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. तिच्या दुकानात लाल रेक्झिनची एक जुनी खुर्ची आहे. खाली दांडा असतो, तो उजव्या पायाने दाबत गेलं की खुर्ची गिऱ्हाइकासकट वर येते. या परिसरातली एकूण एक बाई व्हर्लीनने त्या पायाने कधी ना कधी उचललेली आहे. मला पहिल्यांदा उचललं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.

"दांडा डाव्याने दाबशील," डॉक्टर म्हणाले, "पण मग उभी कशावर राहशील?"

ती छताकडे बघत म्हणाली, "बरं. वाट बघू. काय करायचं ते सांग."

काहीच करायचं नाही, डॉक्टर म्हणाले. पडून राहायचं. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. जेवताना वर, झोपताना वर, टीव्ही बघताना वर. घरी पाठवत नाही, कारण घरी तू एकटी, आणि तुझ्या कोंबड्यांना मी ओळखतो.

फेसाच्या उशांचा मी एक डोंगर रचला आणि त्यावर फाटकासकट पाय चढवून ठेवला.

पाय

वर. सकाळी मी यायचे तेव्हा वर. दुपारी औषध द्यायला जायचे तेव्हा वर. डॉक्टरांची फेरी असेल तेव्हा तर इतका वर, की त्यांना तिचा चेहरा शोधावा लागायचा. ते चिमटी घ्यायचे. कातडी चिमटीत यायची नाही. ते म्हणायचे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमटी, पुन्हा उद्या. त्यांनी औषधं बदलून पाहिली, बर्फ वाढवला, पोटरी घट्ट झालीय का ते दाबून पाहिलं, शिरेत गाठ आहे का म्हणून तपासणी केली. सगळं ठीक होतं. फक्त सूज उतरत नव्हती. जितकी रात्रभर उतरायची तितकी संध्याकाळपर्यंत परत चढायची. दुसरा आठवडा संपला आणि डॉक्टर पिकेट कॉरिडॉरमध्ये उभे राहून नुसतेच आपले केस डावीकडून उजवीकडे बसवायला लागले. ते काळजीत असले की हे करतात. मी पण काळजीत होते, कारण पाय सांभाळायचं काम माझं होतं, आणि मी जेव्हा जेव्हा दार उघडून बघत होते तेव्हा तेव्हा पाय वर होता, अगदी डोंगरावर, जसा ठेवून गेले होते तसाच, म्हणजे निदान मला तसं वाटत होतं, कारण मी दार वाजवून आत जायचे, आणि दार वाजवणं आणि दार उघडणं यांच्यामध्ये जेवढा वेळ जातो तेवढ्यात पाय

खाली

भेटायला बायका फार यायच्या. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. झाकण लावलेलं मोठं काचेचं भांडं घेऊन जायचं, त्यात बटाटे आणि चीज आणि खिमा भाजलेला. आजारी माणूस दोन घास खातो, उरलेलं नर्सांच्या टेबलावर येतं. असाच रिवाज आहे आणि आम्ही नर्स त्यावरच पोसलेल्या आहोत.

व्हर्लीनच्या खोलीत भांडी जात होती. टॉवेलात गुंडाळलेली, जड, दोन्ही हातांनी धरलेली. पण आमच्या टेबलावर काही येत नव्हतं. एवढ्याशा बाईला एवढं जातं कुठे, असं आमच्यातली एकजण म्हणाली. हाडं भरून यायला भूक लागते, असं मी म्हटलं.

आणखी एक गोष्ट होती. ती मी बघत होते, पण मला दिसत नव्हती.

पशुखाद्याच्या दुकानातली मॉइरा आत गेली, टोपीने चप्पट झालेले केस घेऊन.

मॉइरा बाहेर आली.

शाळेच्या बसची ड्रायव्हर ट्रूडी आत गेली, वेणी सुटलेली.

ट्रूडी बाहेर आली, दारातून जरा वाकून.

चर्चमध्ये पियानो वाजवणारी म्हातारी ओपल आत गेली, कापसाच्या बोंडासारखी. बाहेर आली तेव्हा तिला लिफ्टमध्ये जागा करून द्यावी लागली.

रोडिओच्या आधीचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्या बायकांचे केस उंच होतात. आकाश निळं होतं तसं. त्यात कोणाला काय विचारायचं?

रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो. आर्डिथ हे त्यांचं नाव. त्यांनी भाजलेलं मांस कापायला घेतलं, आणि खिडकी उघडी होती, वारा जोरात येत होता, टेबलावरचे कागदी रुमाल उडाले, पडदा उडाला, आणि सासूबाईंच्या डोक्यावरचा एक केस हलला नाही.

मी काटा खाली ठेवला. वाऱ्यात न हलणारे केस या गावात एकच बाई बसवू शकते.

"आर्डिथ," मी म्हटलं, "हे कुठे केलंत?"

सासूबाई म्हणाल्या की बटाटे घे.

"आर्डिथ."

त्यांनी सुरी ठेवली. म्हणाल्या, हे बघ, ती बिचारी दिवसभर पडून असते, तिला तेवढंच बरं वाटतं. उभी थोडीच राहते ती? पलंगाच्या कडेला बसते, पाय खाली स्टुलावर टेकते, आणि हात चालवते. हातांना काय झालंय तिच्या?

भांड्यात काय असतं, मी विचारलं.

भांड्यात केस कुरळे करायचा चिमटा असतो, तापलेला, टॉवेलात. पिना असतात, फवारा असतो. ट्रूडी बाहेर लक्ष ठेवते. दार वाजलं की दोघीजणी मिळून पाय डोंगरावर. सराव झालाय आता, सासूबाई जरा अभिमानानेच म्हणाल्या.

मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "का गं? काही वाईट आहे का त्यात?"

पाय वर

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते खिडकीपाशी गेले, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "ओपलचे केस बघूनच मला कळायला हवं होतं."

आम्ही दोघं आत गेलो. दार न वाजवता; पहाऱ्यावरची ट्रूडी अजून आली नव्हती.

व्हर्लीन पलंगाच्या कडेला बसलेली होती, फाटकाचा पाय समोर ठेंगण्या स्टुलावर. तिच्या पुढ्यात चाकाच्या खुर्चीत यंदाची रोडिओ राणी, सोळा-सतरा वर्षांची टेसा लिंडग्रेन, अर्ध्या डोक्याने राणी आणि अर्ध्या डोक्याने नुकतीच उठलेली. खोलीत फवाऱ्याचा ढग. कोणी हललं नाही. व्हर्लीनच्या तोंडात पिना होत्या.

तिने पिना काढल्या. म्हणाली, मी उभी राहिलेले नाही. एकदासुद्धा नाही. विचारा हिला.

आणि ते खरं होतं. मला त्या क्षणी कळलं की ती आमच्याशी खोटं बोलली नव्हती, म्हणजे तिच्या हिशेबाने. आमच्याकडे काम म्हणजे जे उभं राहून करतात ते. घोड्यावर दिवस काढला तरी आम्ही म्हणतो, आज नुसता बसून होतो. बसून केलेल्या कामाला कोणी काम म्हणत नाही. डॉक्टरांनी तिला विश्रांती घ्यायला सांगितलं होतं, आणि ती बसून विश्रांती घेत होती, एकेका डोक्यागणिक.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं, व्हर्लीनचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि विचारलं, "तुझ्या वरच्या कुरणाला पाणी कुठून येतं?"

ती म्हणाली, कालव्यातून, आणखी कुठून.

"कालव्याचं दार बंद केलंस, की पाणी थांबतं?"

"थांबतं."

"आणि खालचं कुरण? त्यातलं कधी निघून जातं?"

"उताराने जातं. पण दार बंद असलं तर." ती बोलता बोलता थांबली.

"तू रात्रभर दार बंद ठेवतेस," डॉक्टर म्हणाले, "आणि सकाळ झाली की उघडतेस. गुडघा तुझं खालचं कुरण आहे. तिथे आता बदकं पोहतायत. बसलीस की उभी राहिलीस, पाण्याला काय कळतं? ते खाली जातं."

पाण्यावरून या भागात भाऊ भाऊ आयुष्यभर बोलत नाहीत. पाणी खाली जातं हे व्हर्लीनला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने चकाकणाऱ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

"किती वेळ राहिलाय?" तिने विचारलं.

"हा आठवडा. त्यानंतर मी शस्त्रक्रियेला नाही म्हणेन."

टेसा रडायला लागली. म्हणाली, सगळी चूक माझी आहे, मला असेच अर्धे राहू देत.

"गप गं," व्हर्लीन म्हणाली. "अर्धी राणी कोणी बघितलीय?" मग डॉक्टरांकडे वळली. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "एल्डन, या पोरी वर्षभर या दिवसाची वाट बघतात. आईने कधी एकीलाही परत पाठवली नाही. मी पण नाही. पाय वर ठेवून कसं करायचं ते सांग, नाहीतर मी पडून राहीन आणि आतून सडेन."

डॉक्टर पायाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी पलंगाकडे बघत होते.

पाय आणखी वर

पलंग भिंतीपासून ओढला. व्हर्लीनला आडवी केली, डोक्याखाली पातळ उशी, पाय डोंगरावर, आणि डोंगराला वरून मी पट्टा बांधला. सासूबाईंना शिक्षा म्हणून पायाशी बसवलं. पाय हलला तर ओरडायचं, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांना मनापासून आवडलं. गिऱ्हाईक पलंगाच्या डाव्या बाजूला ठेंगण्या स्टुलावर, व्हर्लीनच्या खांद्याशी पाठ करून. ती मान वळवून, पडल्या पडल्या, दोन्ही हात बाजूला नेऊन केस बसवायची. पिना मी द्यायचे. दिवसाला दोघीच, डॉक्टरांची अट.

दुसरी अट व्हर्लीनची होती. ज्या दिवशी सुरकुत्या येतील त्या दिवशी आधी तिची कात्री, मग डॉक्टरांची सुरी.

"कोणाच्या डोक्यावर?" डॉक्टरांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

"गाव वीस वर्षं गप्प आहे, एल्डन. मी पण. पण आता तू माझ्या आत हात घालणार आहेस."

ते निघून गेले. नंतर कॉरिडॉरमध्ये मला म्हणाले, की हो म्हणून सांग तिला.

पडून केलेल्या केसांचं एक होतं. ते उंच व्हायचे, वाऱ्यात हलायचे नाहीत, पण सरळ उभे राहत नसत. डावीकडे झुकायचे. सगळेच. टेसाने आरशात डोकं इकडून तिकडून वळवून पाहिलं. व्हर्लीनने विचारलं, वाकडे झालेत का गं? टेसा मान तेवढीच कलती करून म्हणाली, "नाही. घोडा वळताना असेच दिसले पाहिजेत."

आता दार वाजवायचं कारण उरलं नव्हतं. मी येता-जाता बघायचे, पाय वर. सासूबाई दुपारी डुलक्या घ्यायच्या, तरी पट्ट्यावर हात. गुडघ्याची चकाकी पहिल्यांदा गेली. मग घोट्याचा आकार दिसायला लागला. मग आमच्या टेबलावर खरंखुरं भांडं आलं, बटाटे आणि चीज, अजून गरम. आम्ही उभ्या उभ्याच संपवलं.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी चिमटी घेतली.

कातडी बोटांत आली. सोडली, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक रेघा उमटल्या, तळ्यावरून वारा गेल्यावर उमटतात तशा. त्यांनी परत चिमटी घेतली. परत रेघा. मग ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, तू बघ. मी बघितलं. सासूबाईंनी बघितलं.

"मला दाखवा," व्हर्लीन म्हणाली. पाय एवढा उंच की तिला तिथलं काही दिसत नव्हतं. मी तिचाच हातआरसा गुडघ्यावर धरला. तिने त्यात पाहिलं. ज्या बाईने अख्ख्या गावाच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या मोजल्या होत्या, ती स्वतःच्या गुडघ्यावरच्या बघून लहान पोरासारखी हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"केवढ्या सुंदर आहेत," ती म्हणाली. मग आरसा खाली ठेवला. "एल्डन, बस."

डॉक्टर पिकेट ठेंगण्या स्टुलावर बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळताना मला त्यांची मान ताठ लागली. कात्री चालली. डाव्या कानावरून निघालेला तो लांब प्रवास जमिनीवर पडला.  सासूबाईंनी तेवढ्यापुरता पायावरून हात काढला आणि छातीवर ठेवला.

व्हर्लीनने मानेवरचे केस फुंकले. "आता जा," ती म्हणाली, "आणि माझा केक वर काढ."

शस्त्रक्रियेच्या वेळी सगळ्यांच्याच डोक्यावर टोप्या असतात. त्यामुळे तिथे कोणाला काही कळलं नाही. बाहेर आले तेव्हा मात्र टोपी काढून त्यांनी डोक्यावर हात नेला, डावीकडून उजवीकडे, आणि तिथे काही नव्हतं. हात तसाच खाली आणला. चांगलं उचललं, म्हणाले. टेबल परत टेबल झालंय. फाटक काढून टाकलं. मग मला विचारलं, "डोक्याला गार लागतंय. असंच लागतं का लोकांना?"

पाय वर, गाडीत

रोडिओच्या मिरवणुकीला तिला सोडायचं की नाही यावर वाद झाला. व्हर्लीनने वाद घातला नाही, फक्त रडकुंडीला आल्यासारखं तोंड केलं, जे तिला अजिबात जमत नाही. शेवटी ट्रूडीच्या नवऱ्याच्या पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या भागात गादी टाकली, तीवर व्हर्लीन, तिच्या पायाखाली माझा डोंगर, आणि डोंगराशी सासूबाई. पायात एकच बूट, डावा. उजवा शिवायला टाकलेला होता.

वाऱ्याचा दिवस होता. झेंडे ताणलेले, टोप्या उडत होत्या, पोरं टोप्यांमागे पळत होती. पुढे घोड्यांवरून बायका गेल्या. त्यांच्यात नुसत्या नजरेने सांगता येत होतं कोणी कधी केस केले ते. आधीच्या सरळ उंच. नंतरच्या सगळ्या डावीकडे झुकलेल्या, टेसा सगळ्यांत पुढे, बिस्किटवर बसलेली, झेंडा हातात आणि केस झेंड्याच्या बाजूला कललेले. फूटपाथवर उभ्या असलेल्या आधीच्या बायकांपैकी दोघीतिघींनी हळूच हात वर नेला आणि आपले केस डावीकडे ढकलून पाहिले. हलले नाहीत.

मॉइरा गाडीपाशी येऊन कुरकुरली, माझे तेवढे सरळ का केलेस. व्हर्लीन पाय वर ठेवून म्हणाली, "तू लवकर आलीस."

पाय जमिनीवर

पानगळ सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली. आधी अर्धं वजन, मग सगळं. गुडघा वाकत होता, फिजिओवाल्या मुलाने तिच्याकडून रोज शिव्या खाऊन वाकवला होता. बिस्किटवर बसायला अजून वेळ आहे, असं डॉक्टर म्हणाले. ती म्हणाली, बिस्किटला घाई नाही. पण दुकान उघडायचंय.

दुकान उघडलं त्या सकाळी मी गेले, सासूबाई होत्या, ट्रूडी होती. कोणी बोलावलं नव्हतं. व्हर्लीन काठीला टेकून उभी होती, दोन्ही बूट पायात, उजव्याची शिवण नवी पांढरी. लाल खुर्चीत डॉक्टर पिकेट बसले होते. दर काही आठवड्यांनी ते मशीन फिरवून घेतात आता. दाराशी खुंटीवर त्यांची टोपी होती. टोप्यांची त्यांना आवड लागलीय.

"खाली बसलायस फार," व्हर्लीन म्हणाली. "मला वाकावं लागेल."

"डाव्या पायाने दाब," डॉक्टर म्हणाले. "सवयीचा नाही, पण चालेल."

"तू केलंस ते धरतं की नाही?"

डॉक्टरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "धरतं."

"मग गप्प बस."

तिने काठी माझ्याकडे दिली. एका हाताने खुर्चीची पाठ धरली, डाव्या पायावर उभी राहिली आणि उजवा बूट दांड्यावर ठेवला. जरा थांबली. सासूबाईंचा हात नकळत पुढे आला, पण यावेळी धरायला काही नव्हतं. व्हर्लीनने ओठ मिटले आणि दाबलं.

खुर्ची जुनी आहे, कुरकुरते. डॉक्टर थोडे वर आले. तिने पाय उचलला, पुन्हा दाबला. आणखी वर. त्यांचे पाय जमिनीवरून सुटले तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि ती त्यांना उचलतच गेली, त्यांचं डोकं पार आरशाच्या वरच्या कडेला लागेपर्यंत.

"पुरे, व्हर्लीन," ते म्हणाले.

"बसून राहा," ती म्हणाली. "मी अजून काम सुरू केलेलं नाही."